'शेड'चं 'रंग_कोड' केलं आणि ॲप बंद पडलं: १४ ठिकाणचे डेटाबेस कसे सांभाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातली चार जणांची टीम चादर-टॉवेलच्या कारखानदारांसाठी ऑर्डर, सूत आणि तयार मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर चालवते. गिऱ्हाइकं १४, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. नऊ जणांचा क्लाउडवर आहे, पाच जणांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांच्याच कारखान्यातल्या पीसीवर. टेबलात काही बदलायचं झालं की एसक्यूएल (डेटाबेसला द्यायची आज्ञा) व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं आणि जो साइटवर असेल तो ते चालवतो. गेल्या आठवड्यात ऑर्डरच्या टेबलातल्या 'शेड' कॉलमचं नाव 'रंग_कोड' केलं, तर दोन कारखान्यांत ॲप बंद पडलं. आता विचारणा आहे की असे बदल क्रमानं चालवून त्यांची नोंद ठेवणारं टूल म्हणून फ्लायवे घ्यावं की लिक्विबेस.

दोन्हींपैकी कुठलंही घेतलं असतं तरी त्या दिवशी ॲप बंद पडलंच असतं. फक्त कुठली फाइल चालली याची नोंद नीट राहिली असती. नाव बदलायचा विचार रास्तच होता म्हणा. आपल्याकडे शेड म्हणजे डाईंगची रंगछटाही आणि माग बसवलेली शेडही. नवीन मुलगा 'शेड ३' वाचून नेमकं काय समजेल याचा नेम नाही. बिघडलं ते नाव बदलण्याच्या पद्धतीत.

यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. पहिला, कुठल्या गिऱ्हाइकाचा डेटाबेस आज कुठल्या अवस्थेत आहे हे तुमच्यापैकी कुणालाच खात्रीनं माहीत नाही. हा नोंदीचा प्रश्न आणि टूल तो सोडवतं. दुसरा, डेटाबेस बदलण्याचा क्षण आणि ॲप बदलण्याचा क्षण कधीच एक नसतो. मधल्या काळात जुनं ॲप नव्या टेबलाशी बोलतं, नाहीतर नवं ॲप जुन्या टेबलाशी. क्लाउडवर हा काळ काही सेकंदांचा असेल. पण कारखान्यात ऑफिसचा पीसी अपडेट झाला आणि गोदामातला राहिला, तर तो पंधरा दिवसांचाही होऊ शकतो. हा प्रश्न टूल सोडवत नाही, तो बदलाची आखणीच सोडवते.

आधी त्या दोन ठिकाणचं बघा. तिथले सगळे पीसी अजून जुन्या ॲपवर असतील तर कॉलमचं नाव सरळ उलटं फिरवा आणि विषय संपवा. काही पीसी नवे आणि काही जुने असतील तर नाव फिरवू नका, नवे बंद पडतील. त्याऐवजी 'शेड' नावाचा कॉलम परत घाला, 'रंग_कोड'मधली मूल्यं त्यात भरा आणि एक ट्रिगर (ओळ आली किंवा बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो ती आज्ञा) लावा. नवी ओळ येताना दोन्हींपैकी जो कॉलम रिकामा असेल त्यात दुसऱ्यातलं मूल्य जावं. ओळ बदलताना जो बदलला तो दुसऱ्यात उतरावा. तोवर दोन्ही कॉलमना रिकामं राहायची परवानगी असू द्या. ट्रिगर ही कायमची सोय नव्हे, सगळे पीसी नव्या ॲपवर आले की काढून टाकायचा.

तुमचं डेटाबेस इंजिन पोस्टग्रेस आहे की मायएसक्यूएल, हे प्रश्नात आलेलं नाही. पुढचं बरंच काही त्यावर ठरतं, म्हणून जिथे फरक पडतो तिथे दोन्ही लिहितो.

आधी १४ डेटाबेस एका रेषेत

टूल बसवायच्या आधी हे काम करा, नंतर नाही. प्रत्येक ठिकाणाहून फक्त रचनेचा डंप (फाइलीत उतरवलेली प्रत) घ्या, डेटा नको. पोस्टग्रेसमध्ये पीजी_डंपला आणि मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलडंपला तसं सांगता येतं. मायएसक्यूएलच्या डंपमध्ये ऑटो इन्क्रिमेंटचा चालू आकडा येतो, तो गाळून टाका, नाहीतर प्रत्येक टेबल वेगळं दिसेल. मग तुमच्या मते जो डेटाबेस सगळ्यात ठीक आहे त्याला नमुना धरा आणि बाकीचे १३ त्याच्याशी डिफ करून, म्हणजे ओळीनं ओळ ताडून बघा.

फरक निघणार. कुठे इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसेल, कुठे वजनाचा कॉलम दशांशाऐवजी पूर्णांक असेल, कुठे कुणीतरी घाईत घातलेला 'टेंप२' सापडेल. कॉलमचा नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा सोडून द्या; मात्र कोडमध्ये सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम सरसकट मागणं) किंवा कॉलमची नावं न देता केलेला इन्सर्ट असेल तर आधी तो कोड सुधारा. बाकी प्रत्येक फरकासाठी त्या-त्या गिऱ्हाइकापुरती दुरुस्तीची स्क्रिप्ट लिहा, चालवा, पुन्हा डिफ घ्या. चौदाही ठिकाणी डिफ कोरा आला की मगच नमुन्याची रचना ही पहिली मायग्रेशन (डेटाबेसमधल्या एका बदलाची फाइल) ठरवा आणि जुन्या डेटाबेसांवर 'ही आधीच झालेली आहे' अशी खूण करा. फ्लायवेत याला बेसलाइन म्हणतात. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये फेक पर्यायानं तेच होतं.

इथे एक मोह टाळा. सगळ्या स्क्रिप्टमध्ये 'नसेल तरच बनव' अशी अट घालून त्या सरसकट चालवल्या की काहीच अडत नाही, हिरवा दिवा लागतो. पण ती अट फक्त नाव बघते. 'वजन' नावाचा कॉलम आहे ना, बास. तो पूर्णांक आहे की दशांश हे तपासत नाही. मग टॉवेलचं ४५०.५ ग्रॅम एका कारखान्यात ४५१ होतं आणि महिनाअखेरीस साठ्याची बेरीज का जुळत नाही हे कुणाला कळत नाही. मायग्रेशनला अनपेक्षित काही दिसलं तर ती मोठ्यानं अडलेली बरी.

टूल कुठलं

तुमच्या भाषेच्या फ्रेमवर्कसोबत जे येतं ते. जँगो असेल तर १.७ पासून (२०१४) मायग्रेशन आतच आहे. लाराव्हेल आणि रेल्सचंही स्वतःचं आहे. पायथनमध्ये एसक्यूएलअल्केमी असेल तर अलेम्बिक. जावा असेल किंवा साधं एसक्यूएलच लिहायला आवडत असेल तर फ्लायवे पुरतं. एकच बदल वेगवेगळ्या डेटाबेस इंजिनांवर न्यायचा असेल तर लिक्विबेस. सगळ्यांचं मूळ एकच: प्रत्येक बदलाची एक फाइल आणि डेटाबेसमध्येच एक टेबल, ज्यात कुठल्या किंवा कुठवरच्या फाइली चालल्या ते लिहिलेलं असतं.

तुमच्यासाठी एक फरक मात्र महत्त्वाचा आहे, आणि तो वीज जाण्याशी जोडलेला आहे. एका वेळी एकानंच मायग्रेशन चालवावी म्हणून टूल कुलूप लावतं; लिक्विबेस आपलं कुलूप एका टेबलातल्या ओळीत ठेवतं. काम चालू असताना पीसी बंद पडला तर ती ओळ 'कुलूप लावलेलं' अशीच राहते आणि पुढच्या वेळी ते वाट बघत बसतं. रिलीज लॉक्स ही आज्ञा हातानं द्यावी लागते. फ्लायवे पोस्टग्रेसवर डेटाबेसचं ॲडव्हायझरी लॉक वापरतं, कनेक्शन तुटलं की ते आपोआप सुटतं. कारखान्यातल्या पीसीवर दुरून काम करणाऱ्याला हे कळलेलं बरं.

त्याहून मोठा फरक इंजिनाचा. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणाऱ्या बहुतेक आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच नाही अशा गठ्ठ्यात) चालतात. पाचपैकी तिसऱ्या आज्ञेला वीज गेली तर परत आल्यावर पाचही झालेल्या नसतात, सगळं पूर्ववत. मायएसक्यूएलमध्ये आल्टर टेबल आलं की आधीचं सगळं तिथेच पक्कं होतं. ८.०मध्ये एकटी आज्ञा पूर्ण होते किंवा अजिबात होत नाही एवढी हमी मिळते, पण पाच आज्ञांची फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून मायएसक्यूएल असेल तर एका फाइलीत रचनेची एकच आज्ञा, हा नियम काटेकोर पाळा. फाइली वाढतील, वाढू देत. आणि इंजिन कुठलंही असो, यूपीएस नसलेल्या पीसीवर मायग्रेशन चालवू नका.

नाव बदलायचं कसं

आता मुख्य गोष्ट. कॉलमचं नाव बदलणं ही दिसायला एक ओळ आहे, प्रत्यक्षात ते तीन रिलीजचं काम आहे.

पहिल्या रिलीजमध्ये 'रंग_कोड' हा नवा कॉलम घाला, रिकामा चालेल असा. जुन्या ॲपला तो दिसतही नाही. त्याच रिलीजचं ॲप दोन्ही कॉलममध्ये लिहितं, पण वाचतं अजून 'शेड'मधूनच. सगळे पीसी या ॲपवर आल्याखेरीज पुढे जायचं नाही. घाई करून आधीच जुन्या ओळी भरल्या तर भरणं संपल्यानंतर गोदामातलं जुनं ॲप जी ऑर्डर टाकेल तिचा नवा कॉलम रिकामाच राहील.

मग जुन्या ओळी भरा. बारा लाख ओळींवर एकच मोठा अपडेट मारू नका. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदललेल्या ओळीची जुनी प्रत मागे राहते, टेबल फुगतं; मायएसक्यूएलमध्ये अनडू लॉग वाढतो; आणि दोन्हीकडे तेवढा वेळ त्या ओळी अडकून पडतात. आयडीच्या पट्ट्या करा: १ ते २०००, २००१ ते ४०००, असं. प्रत्येक पट्टी स्वतंत्र कमिट, मध्ये पाव-अर्धा सेकंद थांबा. 'नवा कॉलम रिकामा आहे तोवर फिरत राहा' असा लूप लिहू नका. ज्या ओळीत 'शेड'च रिकामी आहे तिथे तो कधी संपत नाही. कोरं कापड रंगाशिवाय जातंच की.

भरून झाल्यावर दोन्ही कॉलम जुळत नाहीत अशा ओळी मोजा. साधं 'बरोबर नाही' चिन्ह नल (रिकामं मूल्य) असलेल्या ओळी मोजत नाही, म्हणून पोस्टग्रेसमध्ये इज डिस्टिंक्ट फ्रॉम, मायएसक्यूएलमध्ये नल धरून तुलना करणारं चिन्ह वापरा. उत्तर शून्य यायला हवं.

दुसऱ्या रिलीजमध्ये ॲप 'रंग_कोड' वाचू लागतं, लिहितं मात्र अजून दोन्हींत. ही दुहेरी लिखापढी वायफळ वाटते, पण काही बिघडलं तर पहिल्या रिलीजवर परत जाता येतं ते हिच्यामुळे.

तिसऱ्या रिलीजमध्ये 'शेड'मध्ये लिहिणं थांबतं. त्याच्या आधी 'शेड'वरची 'रिकामं चालणार नाही' ही अट काढलेली हवी. हे हमखास विसरलं जातं: नवं ॲप 'शेड' भरत नाही, डेटाबेस ओळ घेत नाही, आणि ऑर्डर टाकताना पुन्हा तोच गोंधळ. कॉलम प्रत्यक्ष काढणं त्याच्याही नंतर, चौदाच्या चौदा ठिकाणी तिसरं रिलीज पोचल्यावर. काढायच्या आधी दोन गोष्टी बघा. पुष्कळ ओआरएम (कोड आणि टेबलं जोडणाऱ्या लायब्ररी) सुरू होताना कॉलमची यादी मनात धरतात आणि प्रत्येक सिलेक्टमध्ये ती सगळी नावं घालतात. त्यांना 'हा कॉलम विसर' असं आधी सांगावं लागतं, रेल्समध्ये त्यासाठी इग्नोअर्ड कॉलम्स आहे. दुसरं, ॲपखेरीज डेटाबेसमध्ये आणखी कोण डोकावतं? दिवाणजींची ओडीबीसीनं थेट डेटाबेसला जोडलेली एक्सेल शीट, कुणीतरी लिहून दिलेली बारकोडची छोटी स्क्रिप्ट. ही माणसं बगची तक्रार करत नाहीत, 'आज रिपोर्ट येईना' म्हणतात.

एवढं करायचं नसेल तर सरळ विचारा, नाव बदलणं खरंच लागतंय का? कोडमध्ये 'रंग_कोड' आणि टेबलात 'शेड' अशी जोडणी बहुतेक ओआरएममध्ये एका ओळीत होते. माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत मी तेच केलं असतं.

लॉक

कॉलम घालणं स्वस्त आहे, पण त्यासाठी थांबावं लागलं तर ते महाग पडतं. पोस्टग्रेसमध्ये ११व्या आवृत्तीपासून (२०१८) स्थिर डिफॉल्ट मूल्य असलेला कॉलम घातला तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही; काम क्षणात होतं. पण त्या क्षणापुरतं त्याला टेबलावर पूर्ण ताबा लागतो. समजा सकाळी साठ्याचा चार मिनिटांचा रिपोर्ट चालू आहे. आल्टर त्याच्या मागे रांगेत उभा राहतो, आणि त्याच्यामागे येणारी प्रत्येक साधी क्वेरीही रांगेतच. बाहेरून बघणाऱ्याला 'सर्व्हर हँग झाला' असं दिसतं. उपाय सोपा: मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट ५ सेकंद ठेवा. नाही मिळाला ताबा तर माघार, मिनिटभरानं पुन्हा प्रयत्न. मायएसक्यूएलमध्ये तर हे लावाच, कारण तिथे मेटाडेटा लॉकसाठी (टेबलाच्या रचनेवरच्या ताब्यासाठी) थांबण्याची मूळ मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे वर्षभर.

मायएसक्यूएल ८.०.१२ पासून शेवटी घातलेला कॉलम क्षणात होतो, ८.०.२९ पासून मध्ये घातलेलाही. आज्ञेत इन्स्टंट अल्गोरिदम स्पष्ट लिहा. तसं जमणार नसेल तर ती चूक दाखवून थांबते. न लिहिल्यास गुपचूप संपूर्ण टेबलाची प्रत बनवायला घेऊ शकते.

पोस्टग्रेसमध्ये चालू टेबलावर इंडेक्स घालताना कॉन्करंटली (लिहिणं न अडवता बनवायचा पर्याय) वापरा. ते ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणून त्या फाइलीपुरतं टूलचं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. मध्येच फसलं तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो: वाचताना उपयोग शून्य, लिहिताना भार पूर्ण. तो काढून पुन्हा बनवायचा. आणि 'रिकामं चालणार नाही' ही अट मोठ्या टेबलावर लावताना आधी तशी चेक अट नॉट व्हॅलिड (म्हणजे जुन्या ओळी आत्ता तपासू नको) म्हणून घाला, मग वेगळ्या आज्ञेनं व्हॅलिडेट करा. ती तपासणी लिहिणं-वाचणं अडवत नाही. १२व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस ही तपासलेली अट बघून पुन्हा सगळं टेबल वाचत नाही.

रोजची शिस्त

एकदा कुठल्याही गिऱ्हाइकाकडे चाललेली फाइल पुन्हा उघडायची नाही. स्पेलिंग चुकलं असलं तरी नवी फाइल. फ्लायवे प्रत्येक फाइलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ठेवतं आणि बदललेली दिसली की अडतं. तो इशारा 'रिपेअर' मारून गप्प करू नका, आधी कुणी काय बदललं ते बघा. फाइलींना १, २, ३ असे क्रमांक देण्याऐवजी तारीख-वेळ द्या, चौघांपैकी दोघांनी एकाच दिवशी '४७' बनवायला नको. तरीही कोडच्या दोन फांद्यांतले (ब्रँचमधले) बदल एकाच टेबलावर येऊ शकतात. जँगो अशा वेळी मर्जची मायग्रेशन मागतं, अलेम्बिक दोन हेड (शेवटची टोकं) दाखवतं. यंत्रानं जोडून दिलं म्हणून पुढे जाऊ नका, दोन्ही फाइली माणसानं वाचाव्यात.

रचना बदलणारी फाइल आणि डेटा भरणारी फाइल वेगळी. डेटा भरणाऱ्या फाइलीत ॲपचे चालू मॉडेल (कोडमधलं टेबलाचं वर्णन) वापरू नका. सहा महिन्यांनी मॉडेल बदलतं आणि नव्या गिऱ्हाइकाचा डेटाबेस पहिल्यापासून उभा करताना तीच जुनी फाइल फुटते. जँगोत ॲप्स डॉट गेट_मॉडेल त्यासाठीच आहे.

उलट फिरवणाऱ्या, म्हणजे डाऊन मायग्रेशनवर माझा फार भरवसा नाही. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर त्या सोयीच्या. लाइव्हवर मात्र काढलेला कॉलम डाऊननं परत येतो, त्यातला डेटा येत नाही. पुढे जाऊन दुरुस्त करायचं, आणि काही काढून टाकणाऱ्या मायग्रेशनआधी बॅकअप घ्यायचा. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. कारखानदार फोनवर 'किती वेळ?' विचारतो तेव्हा तोच आकडा सांगायचा असतो.

चाचणी दोन वाटांनी घ्या: कोऱ्या डेटाबेसवर सगळ्या फाइली पहिल्यापासून, आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या प्रतीवर (पार्ट्यांची नावं-नंबर पुसून) फक्त नव्या. दुसऱ्यात प्रत्येक फाइलीचा वेळ मोजा. इंजिन आणि आवृत्ती लाइव्हचीच हवी. एसक्यूलाइटवर (एका फाइलीतल्या छोट्या डेटाबेसवर) पास झालेली मायग्रेशन लॉकबद्दल काहीच सांगत नाही.

व्हॉट्सॲपचा रस्ता बंद करायचा तर नुसतं सांगून होणार नाही. डेटाबेसमध्ये दोन युजर करा. ॲपच्या युजरला ओळी वाचण्या-लिहिण्याचा अधिकार, टेबल बदलण्याचा नाही. टेबल बदलणारा दुसरा युजर, त्याचा पासवर्ड फक्त मायग्रेशन चालवणाऱ्या स्क्रिप्टला. आणि ॲप सुरू होताना नोंदीच्या टेबलातली शेवटची फाइल बघू द्या. हवी ती मायग्रेशन झालेली नसेल तर ॲपनं 'डेटाबेस जुना आहे, सपोर्टला कळवा' असं मराठीत सांगून थांबावं. कॉलम सापडत नाही अशी इंग्रजी चूक मुनीमजींना दाखवून उपयोग काय?

क्लाउडवरच्या नऊपैकी आधी एक लहान गिऱ्हाईक, एक दिवस थांबा, मग बाकीचे आठ. कारखान्यांतले पाच त्यानंतर, एकेक करून. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस टाळा. दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं तेव्हाच असतात आणि अकाउंटंट दिवसभर रिपोर्ट काढत असतो. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यातही हात लावू नका. फोन उचलायला तिकडेही कुणी नसतं आणि इकडेही.

इंजिन कुठलं, आवृत्ती कुठली आणि सगळ्यात मोठ्या टेबलात किती ओळी आहेत एवढं कळवा. पाचही कारखान्यांतल्या पीसींची आवृत्ती एकच आहे का, तेही बघा. तिथे एखादा मायएसक्यूएल ५.७ निघाला तर इन्स्टंटबद्दल वर लिहिलेलं त्या ठिकाणी लागू होणार नाही आणि त्याची मायग्रेशन रात्रीच लावावी लागेल.